न कापता येणारी पोथी

मी, चिनिशोभा वज्राचार्य, दिवंगत तेजमुनी गुरुजूंची बायको, राहणार पद्मबहाल, पाटण, वय सत्त्याहत्तर वर्षं सात महिने, या कागदावर माझ्या मालमत्तेची, माझ्या रागांची आणि माझ्या हातून झालेल्या एका चोरीची व्यवस्था लावून ठेवते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन विचारावं, कुठल्या सुनेने कुठल्या सणाला भात करपवला ते मी तिथीसकट सांगेन. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. घरातले सगळेच माझ्या दबावाखाली आहेत, हे शेजारीपाजारी सांगतील.

घाई का, तर या मंसिर महिन्याच्या दहा गतेला, म्हणजे दहा तारखेला, वरचे सात दिवस पुरे होतात आणि मला रथात बसवणार आहेत! मुलं आणि नातवंडं दोर ओढणार, सुना वाटेवर पाणी शिंपडणार, खिडक्याखिडक्यांतून लाह्या पडणार आणि रथ परत दारात येईपर्यंत मी देव झालेली असणार. सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस जो टिकला त्याचं आमच्यात असंच करतात. तो कसा टिकला ते कुणी विचारत नाही. लाल साडी आणून ठेवली आहे. मी दिवसातून चारदा तिची घडी मोडते आणि पाचव्यांदा सून ओरडते. ओरडू दे. आठवड्याने तीच पाया पडणार आहे.

पण देव झालं की दोन गोष्टी बंद होतात. एक भांडण, दुसरी कबुली. कबुली लोकांनी देवापुढे द्यायची असते, देवाने लोकांपुढे नाही. म्हणून माणूस आहे तोवर उरकून घेते.

मी शाळा पाहिलेली नाही. अक्षरं चाळिशी उलटल्यावर शिकले, तीही जिन्यावर बसून. ती हकिगत चौथ्या कलमात येईल. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, पण ज्याला वाटा हवा आहे त्याने ते काढू नये.

साक्षीदार दोन. एक अष्टमान शाक्य, भिंतीला भिंत लागून राहणारे, मूर्ती घडवणारे. ते काहीही न वाचता सही करतात. दुसरे कुलनाथ राजोपाध्याय, समोरच्या गल्लीतले पंडित. त्यांना आम्ही द्यभाजू म्हणतो, इथे ब्राह्मणाला तसंच म्हणायची रीत आहे. ते वाचल्याशिवाय सही करत नाहीत आणि गेली एकोणीस वर्षं आमच्या अंगणात आलेले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांनी वाचावं म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे. वाचून ते सही करतील की कागद फाडून तोंडावर फेकतील, मला माहीत नाही.

कलम पहिलं, घर. घर दोन्ही मुलांचं. थोरल्या पूर्णमुनीला खालचा मजला आणि देवाची खोली, कारण दीक्षा त्याला झाली आहे. धाकट्या न्हुछेमुनीला मधला मजला, कारण तो तिथून हलतच नाही. वरचं स्वयंपाकघर दोघांच्या बायकांचं मिळून. वेगळी चूल मांडायची असेल तर मी गेल्यावर मांडावी, म्हणजे मला धूर मोजावा लागणार नाही. पूर्णमुनी, तू यजमानांना शून्यता समजावतोस ते मी जिन्यातून ऐकत असते. फार लांबण लावतोस. एवढंच सांगावं की रांजण रिकामा आहे म्हणजे फुटका नाही. रिकामा आहे म्हणून तर त्यात काही ठेवता येतं. मी ठेवलं होतं. काय ते पाचव्या कलमात.

कलम दुसरं, ऐला गाळायची भांडी. तांब्याचं पातेलं, भोकं पाडलेलं मातीचं मडकं, वर ठेवायचं गार पाण्याचं घंगाळ, हे सगळं थोरली सून केशरी हिला. तांदळाची दारू गाळताना घंगाळातलं पाणी किती वेळा बदलायचं यावर सगळा खेळ असतो. केशरी एकदा जास्तच बदलते आणि मग देवसुद्धा नाक मुरडतो. गुरुजू पहिला थेंब देवाला दाखवत आणि उरलेली वाटी हातात घेऊन संयम शिकवत. एकदा ते सांगत होते, बोधिसत्त्व म्हणजे दारात उभा राहून बाकी सगळ्यांना आधी आत सोडतो तो. मी म्हटलं, "म्हणजे पंगतीतली सून." ते हसले नाहीत. केशरी, तू वीस वर्षं दारात उभी आहेस. मला दिसत होतं, मी बोलले नाही. आता आधी जेवत जा.

कलम तिसरं. नणंद हेरामाया हिला काही नाही. तिने माझ्या लग्नाच्या दिवशी भर अंगणात विचारलं होतं, "नवरी आणली की नवरीची धाकटी बहीण?" मी बुटकी आहे, होते आणि रथातही बुटकीच बसणार. कर्म म्हणजे ज्याचं भांडं त्याने घासायचं. हे तिचं भांडं आहे. रथ बघायला मात्र तिला पुढची जागा द्यावी.

कलम चौथं. नात सजनी हिला माझी सोन्याची कर्णफुलं, हेडीची पत्र्याची पेटी आणि पेटीतली पाटी.

हेडी कोण ते धाकट्यांना माहीत नाही. ती मद्रासहून आली, थिऑसफीवाल्यांच्या आश्रमातून. तिथेही ती परदेशीच होती. उंच, हाडकुळी, पायात पुरुषांचे बूट. मधल्या मजल्यावर सतरा वर्षं राहिली. तिला संस्कृत शब्दांचा ध्यास होता. आत्मा, निर्वाण, मोक्ष, माया असा एकेक शब्द कोण कसा लावतो ते तिला हवं होतं. बौद्धांचा अर्थ गुरुजूंकडून, हिंदूंचा द्यभाजूंकडून, आणि तिच्या मंडळींचा तिच्याजवळ होताच. गुरुजू आणि द्यभाजू पोरपणापासूनचे मित्र. एकाच ओढ्यात पोहलेले, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. तिघांची बैठक रोज आमच्या अंगणात.

आमच्या स्वयंपाकघरात तिला यायची मुभा नव्हती, म्हणून ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून पाटीवर गिरवायची. मी वरच्या पायरीवर भाजी निवडत बसायची आणि तिची पाटी उलटी बघून शिकायची. सहा महिन्यांत ती 'मोक्ष'पर्यंत पोचली, मी 'हळद'पर्यंत. द्यभाजू आमच्या हातचा भात खात नसत, म्हणून त्यांना ओट्यावर पोहे. हेडीला पायरीवर पत्रावळ. गुरुजू वर चुलीपाशी. सगळं एकच आहे यावर तिघांचं एकमत होतं, पण जेवायला तिघं तीन ठिकाणी. वर-खाली करून गुडघे माझे गेले.

हेडी मागच्या जन्मी मिसर देशाची राणी होती. मी विचारलं, "मग तुझी भांडी कोण घासायचं?" ती म्हणाली, "तूच असशील. म्हणून तर मला हे घर ओळखीचं वाटलं." या एका उत्तरासाठी तिला माझे सगळे अपराध माफ. तिचे अपराध, म्हणायचं होतं. खोडत नाही, राहू दे. दोन्ही खरं आहे.

कलम पाचवं, पोथी. द्यभाजू, हे तुमच्यासाठी. चष्मा पुसून घ्या.

बाकीच्यांसाठी सांगते, पोथी घडीची आहे, पंख्यासारखी उघडते. एका बाजूने शेवटापर्यंत वाचत जायचं आणि उलटवून दुसऱ्या बाजूने परत यायचं. पुढच्या बाजूला गुरुजूंनी लिहायचं, त्याच घडीच्या मागच्या बाजूला द्यभाजूंनी. एका घडीला एक शब्द. हेडी समासात लिहायची, तेही पेन्सिलीने, कारण तिचं मत बदलायचं. अशा एकशेआठ घड्या. सतरा वर्षांत एकशेसात भरल्या. शेवटचा शब्द त्यांनी मुद्दाम मागे ठेवला होता. आत्मा. द्यभाजूंच्या मते त्याच्याशिवाय काही नाहीच. गुरुजूंच्या मते तोच नाही. हेडीच्या मते त्याच्यावर सात पदर. निर्वाणाच्या वेळीही असंच झालं होतं. एक म्हणे दिवा विझतो, दुसरा म्हणे थेंब समुद्रात जातो. मी पोहे ठेवता ठेवता विचारलं, "दोन्हीत माणूस परत येत नाही ना? मग भांडता कशाला?" त्या घडीवर दोघांनी हसत हसत लिहिलं. 'आत्मा' तसा नव्हता.

पोथीचा कागद मी तयार करत असे. चिंचोक्याची खळ लावायची, तीत हरताळ कालवायचा म्हणजे कागद पिवळा होतो आणि कसर लागत नाही, मग कवडीने घोटायचा. खळ लावून घोटलेला कागद शाई पीत नाही. एकशेसात घड्या मी घोटल्या. शेवटच्या घडीला खळ कमी पडली. चुलीवर ऐला चढवलेली होती, पाणी बदलायची वेळ झाली होती. मी म्हटलं, एका घडीने काय होतं? नुसता हरताळ फासून मोकळी झाले.

म्हपूजेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. वर्षातून एकदा आपण आपल्याच देहापुढे मंडल काढतो, स्वतःची पूजा करतो, तुम्हीही करता आणि आम्हीही करतो. द्यभाजूंनी आदल्या दिवशी 'आत्मा' लिहिला होता आणि पोथी परत पाठवली होती. गुरुजूंनी बोरूला टोक केलं, शेवटची घडी उघडली आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर तुमचा आत्मा पार आरपार उतरलेला! उलटी अक्षरं, काळीकुट्ट.

ओट्यावर तुम्ही पोहे खात होता. मी वरून ऐकलं ते असं.

"द्यभाजू, हे काय आहे?"

"काय झालं?"

"तुमचा आत्मा माझ्या बाजूला आला आहे."

"तो सगळीकडेच असतो गुरुजू. त्याला मी काय करू?"

तुम्ही हसलात. गुरुजू रोज असल्या बोलण्यावर हसायचे, त्या दिवशी हसले नाहीत. म्हणाले, "मुद्दाम शाई ओतलीस. मी काही लिहूच नये म्हणून."

"ए तेजा, तोंड सांभाळ. सतरा वर्षांत मी तुझी एक ओळ तरी झाकली का?"

"आज झाकलीस."

"तुझ्यात आत्माच नाही ना? मग काल पाटावर बसवून पूजा कुणाची केलीस? धोतराची?"

"धोतराची केली. ते तरी आरपार जात नाही."

हेडी मधे पडली आणि म्हणाली, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. दोघं मिळून तिच्यावरच ओरडले. मग तुम्ही म्हणालात, माझी बाजू मला द्या. गुरुजू म्हणाले, माझी मला. एकाच कागदाच्या दोन बाजू, आणि दोन शहाणे विळी मागत होते! "शोभा, विळी आण." मी खाली आले, दोघं एकमेकांवर ओरडत असताना पोथी पदराखाली घेतली, म्हटलं, "आणते," आणि वर जाऊन ती रिकाम्या रांजणात घातली. वरून भाताचा कोंडा, कोंड्यावर झाकण, झाकणावर लसणाची टोपली. विळी घेऊन खाली गेले.

"पोथी कुठे आहे?" गुरुजूंनी विचारलं.

मी म्हटलं, "इथेच तर होती." तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत, त्यांनी तुमच्याकडे. झालं. त्यांना वाटलं तुम्ही उपरण्यात घातली. तुम्हाला वाटलं त्यांनी लपवून नंतर जाळली. दोघांपैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. बायकोकडे पोथीचं काय काम!

पोथी कापण्यापासून वाचवली, तेवढं मी बरोबर केलं. त्यापुढचं सगळं चूक. दोन दिवसांनी बाहेर काढणार होते. पहिल्या दिवशी रागाने गप्प बसले, पहिल्या महिन्यात गंमत वाटून, आणि वर्ष उलटल्यावर भीतीने. काढली असती तर शेवटची घडी दिसली असती, आणि मी घोटलेले कागद गुरुजू बोटाने ओळखत. हेडी त्याच हिवाळ्यात मद्रासला गेली. जाताना म्हणाली, जगात घडलेलं सगळं आकाशात लिहिलेलं राहतं आणि साधनेने ते वाचता येतं. मी घाबरले. पण तिला काही वाचता आलं नाही. दर वर्षी तिचं पत्र यायचं, पोथी सापडली का? दर वर्षी मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहायची, नाही. तिनेच शिकवलेल्या अक्षरांत तिच्याशी खोटं बोलले. पत्रं यायची थांबली, तेव्हा ती गेली ते समजले.

गुरुजू सात वर्षांनी गेले. शेवटच्या आठवड्यात तुमचं पोरपणीचं नाव घेऊन विचारलं, "कुल्याने पोथी दिली नाही ना अजून?" मी त्यांच्या तोंडात पाणी घातलं. प्रेत नेताना तुम्ही चौकात खांबाला टेकून उभे होता. पुढे आला नाहीत. तुम्हाला चोर म्हणणाऱ्याला तुम्ही खांदा का द्यावा? ते चोर म्हणत होते आणि चोर मागे चालत होती, पदर तोंडाला लावून.

शाई तुमच्या हाताने फुटली नाही. खळ मी लावली नव्हती. हे मी या कागदावर, सहीनिशी, रथात चढण्याआधी लिहून देते.

कलम सहावं. पोथी कुणीही कापू नये, विकू नये, काचेच्या पेटीत ठेवू नये. गुंला महिन्यात, म्हणजे आमच्या पाठाच्या महिन्यात, ती आमच्याकडे राहील. बाकी अकरा महिने द्यभाजूंकडे. त्यांच्यानंतर सजनीकडे, कारण पोथीची जुनी लिपी या घरात तिलाच वाचता येते आणि ती ते कुणाला न विचारता शिकली आहे. पूर्णमुनी, तोंड वाकडं करू नकोस. तुला देवाची खोली दिली आहे.

आणि एक मागणं. क्षमा मागत नाही. या वयात ती घेऊन ठेवू कुठे? फुटलेली शाई सोडली तर शेवटच्या घडीची गुरुजूंची बाजू कोरीच आहे. आत्मा का नाही हे गुरुजू कसं सांगायचे, ते पूर्ण ऐकलेला माणूस जगात एकच उरला आहे. मी निम्मं ऐकलं, कारण उरलेल्या निम्म्यात मी जिन्यावर असायची. पूर्णमुनीला वडिलांचे शब्द येतात, वडिलांचा हट्ट येत नाही. द्यभाजू, त्यांची बाजू तुम्ही लिहा. तुमच्या हाताने, त्यांच्या तोंडाने. आता तरी तुम्ही त्यांच्याशी वाद घालू शकत नाही. हीच संधी समजा.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी लिहिलेली.

सजनीने द्यभाजूंकडे निरोप नेला होता, "आजीला संस्कृत कळणारा साक्षीदार हवा आहे." उत्तर आलं, "त्या घरातला संस्कृत कळणारा मेला, तेव्हा आता आमची आठवण!" आणि निरोपाच्या पाठोपाठ माणूस. काठी टेकत अंगणात आले, ओट्यावर बसले. मी पोहे ठेवले. हात लावला नाही. कागद घेऊन वाचायला लागले. पाचव्या कलमाला थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी खांब धरून उभी.

"गुरुमा, खळ लावली नव्हतीस?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"मला वाटलं माझा हात जड झाला." मग म्हणाले, "त्या दिवसापासून मी बोरूला हात लावलेला नाही. पोरांना तोंडीच शिकवतो. म्हटलं, मित्राच्या बाजूवर शाई फोडणाऱ्या हाताने लिहू नये."

हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं! मी वर गेले, रांजण उपडा केला. कोंडा सगळ्या जिन्यावर सांडला. पोथी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडली नाही, आधी नुसती तळहाताने चाचपली.

"तू बाई, महापापी आहेस," ते म्हणाले.

"आठवडाभर आहे. मग देव."

"देवाला मी बघून घेईन. बोरू आण. आणि जा इथून, मान लांबवून बघू नकोस."

मी वर आले आहे. खिडकीतून त्यांची फक्त पाठ दिसते. दोन तास झाले. मधे एकदा स्वतःशीच ओरडले, "अरे पण तेजा, हे कसं टिकेल!" आणि पुन्हा खाली वाकले. केशरी म्हणते, पोहे संपलेत, आणखी मागितलेत. ती वाटी घेऊन धावली आणि मी हे लिहिते आहे. हात थांबत नाही.

वर लिहिलेलं सगळं माझं आहे. मी स्वतः लिहिलं, समजून लिहिलं, आणि माझ्यानंतर यातला शब्द बदलू नये.

पद्मबहाल, पाटण. विक्रम संवत २०५६, मंसिर ३ गते.

सही: चिनिशोभा वज्राचार्य

साक्षीदार एक: अष्टमान शाक्य. न वाचता सही केली.

साक्षीदार दोन: कुलनाथ राजोपाध्याय. सर्व कलमं वाचली, पाचवं तीनदा. सहाव्यातल्या मागणीप्रमाणे दिवंगत तेजमुनी वज्राचार्य यांची बाजू, ते सांगत त्याच क्रमाने आणि त्यांच्याच हट्टाने, लिहून पुरी केली आहे. त्यातलं काहीही मला मान्य नाही. ती माझ्या बाजूपेक्षा चांगली उतरली आहे, याची नोंद साक्षीदार नाइलाजाने करतो.